कवितेत कोण मेलं?

"अहो, तुम्ही आत्ता कविता वाचलीत की कुणाला पत्ता सांगितलात?"

हे मला म्हटलं गेलं. भर वर्गात. आणि लोक हसले. ज्या बाई स्वतः 'क्षितिज'ला 'शितिज' म्हणतात त्याही हसल्या, ते मी नीट लक्षात ठेवलंय.

पार्श्वभूमी फार नाही. कविता कळत नाहीत, कळाव्यात असं वाटतं, म्हणून कविता कशी वाचावी हे शिकवणाऱ्या वर्गाला नाव घातलं. बस. आता त्या पत्त्याबद्दल बोलू, कारण मला अजून राग आहे.

माझा गुन्हा काय, तर मी ओळीच्या शेवटी थांबले नाही. मुक्तछंदातली कविता होती, वाक्य पहिल्या ओळीत सुरू होऊन दुसरी ओलांडून तिसरीच्या मध्यावर संपत होतं, तर मी वाक्य संपलं तिथे थांबले आणि ओळ तुटते तिथे अगदी पुसटसं रेंगाळले, कवीने मुद्दाम तोडलीय म्हणजे तेवढा मान द्यायला हवा म्हणून. यात पत्ता कुठे आला? पण आमच्या वर्गात वाचनाची एक मान्य पद्धत आहे. डोळे मिटायचे, दर ओळीनंतर थांबायचं, उसासा टाकायचा आणि शेवटचा शब्द परत एकदा, खालच्या पट्टीत म्हणायचा. "तो उठला... उठला. खिडकीपाशी... खिडकीपाशी." अशाने बारा ओळींची कविता चांगली पंधरा मिनिटं चालते आणि कर्ता आणि क्रियापद यांची एवढी ताटातूट होते की ऐकणाऱ्याला कोण उठलं हेच आठवत नाही.

वृत्तातल्या कवितेत हा वादच नसतो. शार्दूलविक्रीडित म्हटलं की ओळीत 19 अक्षरं आणि बाराव्यानंतर यती, म्हणजे ठरलेला थांबा, मंदाक्रांता म्हटलं की 17, त्यात चौथ्यावर थांबा, मग दहाव्यावर थांबा. कुठे श्वास घ्यायचा ते वृत्तानेच ठरवून दिलंय. मुक्तछंदाने हा निर्णय वाचणाऱ्यावर सोडला, आणि वाचणाऱ्यांमध्ये मरणकाका असतात याचा विचार कुणी केला नाही.

हो, मरणकाका. पत्त्याचं ते वाक्य त्यांचंच. नाव अर्थातच मी ठेवलेलं, मनातल्या मनात. पण त्यांच्याकडे येण्याआधी शाळेबद्दल बोलायचंय, कारण मुळात शाळेने नीट शिकवलं असतं तर या वयात वर्गाला जायची वेळ आली नसती.

शाळेत आम्ही 'यमाचा, मानावा, ताराप, राधिका' घोकलं. लघु-गुरूच्या खुणा करून गण पाडले. उपमा आणि उत्प्रेक्षेतला फरक पाठ केला, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा लिहून मोकळं व्हायचं. आणि मग परीक्षेत तो प्रश्न: पुढील ओळींचे रसग्रहण करा. त्याचं उत्तर तयार असायचं. "प्रस्तुत ओळींतून कवीने अत्यंत साध्या, सोप्या व ओघवत्या भाषेत आपल्या भावना व्यक्त केल्या आहेत. यमकामुळे कवितेस नादमाधुर्य प्राप्त झाले आहे." हे पावसाच्या कवितेला बसायचं, देशभक्तीच्या कवितेला बसायचं, विराण्यांनाही बसायचं. कविता वाचायची गरजच नव्हती, उलट वाचत बसलात तर पेपर सुटायचा. आणि बाई विचारायच्या, "कवीला इथे काय म्हणायचं आहे?" जणू कवी बिचारा मुका, त्याला म्हणायचं होतं पण जमलं नाही, आता सातवी ब मधल्या पोरांनी मदत करावी! (उत्प्रेक्षा.) कवी काय म्हणतोय ते समोर छापलंय, ते आधी वाचू या का, असं मला आयुष्यात कुणी विचारलं नाही. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, वाक्यात क्रियापद कुठंय, सुरुवातीला एक मूड होता तो कुठल्या ओळीला फिरला, एवढं जरी कुणी विचारलं असतं तरी निम्म्या कविता उघडल्या असत्या. सुनीत घ्या. 14 ओळी, बऱ्याच सुनीतांत पहिल्या आठ ओळी एक गोष्ट मांडतात आणि नवव्या ओळीला कविता वळते. हे वळण शोधायला कसली प्रतिभा लागते? नऊपर्यंत मोजता आलं की झालं. केशवसुतांनी 19व्या शतकाच्या शेवटी हा प्रकार मराठीत आणला, आम्ही 'सुनीत म्हणजे 14 ओळींची कविता' ही व्याख्या पाठ केली आणि नवव्या ओळीकडे बघितलंही नाही.

असो. काका.

मरणकाकांची नोकरी ऑडिटमध्ये गेली. व्हाउचर समोर आलं की त्यात घोटाळा असणारच, सापडत नसेल तर तो जास्त खोल आहे, अशी त्यांची धारणा. निवृत्तीनंतर तीच नजर कवितेकडे वळली आणि घोटाळ्याच्या जागी मृत्यू आला. एवढाच काय तो फरक. खिशात तासलेली पेन्सिल असते. कविता हातात आली की ते वाचत नाहीत, शोधतात. सापडला की पेन्सिलीने गोल करतात आणि मान वर करून वाट बघतात.

मागे एकदा एक अगदी साधी कविता होती. लहान मुलीच्या बुटाची लेस सुटते, आई वाकून बांधते, मुलगी शाळेत पळते. संपली कविता. मला आवडली होती, मुख्य म्हणजे कळली होती. काकांनी गोल केला.

"गाठ सुटणं," काका म्हणाले. "देहाची."

मी म्हटलं, "काका, लेस आहे ती."

"वरवर."

"आणि आई लगेच बांधते ना परत."

"तेच तर! बांधणारा कोण? काळ!"

"आई बांधते. लिहिलंय तिथे, आई."

"आई हे काळाचंच रूप."

"मग मुलगी शाळेत जाते त्याचं काय?"

काकांनी सगळ्यांकडे बघून हात पसरले. "जाते! बघा, ह्यांच्याच तोंडून आलं. जाते."

मी गप्प बसले. अशा वेळी माणूस काय बोलणार? वर शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "फारच वेगळा अँगल." त्या सगळ्यांनाच असं म्हणतात. आमच्याकडे चुकीचा अर्थ हा प्रकारच अस्तित्वात नाही, फक्त वेगवेगळे अँगल आहेत. मला हे मान्य नाही. एका कवितेचे दहा अर्थ निघू शकतात हे मला मान्य आहे, पण अकरावा चूक असू शकतो की नाही?

बरं, हा रोग फक्त आमच्या वर्गाचा नाही. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स नावाचे प्राध्यापक होते, ते विद्यार्थ्यांना कवीचं नाव काढून टाकलेल्या कविता द्यायचे आणि मत लिहून आणा म्हणायचे. 1929 मध्ये त्यांनी त्या उत्तरांवर 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हे पुस्तक काढलं. चांगली शिकलेली, साहित्य घेतलेली मुलं, पण नाव झाकलं तर मातब्बर कवींना नापास करत सुटली. रिचर्ड्सनी मग वाचणाऱ्यांच्या अडचणींची यादीच केली, त्यात कवितेमुळे स्वतःचीच काहीतरी भलती आठवण येणं आहे, ठरावीक साच्यातल्या प्रतिक्रिया आहेत, आणि यादीत सगळ्यात पहिली अडचण काय, तर कवितेचा साधा, सरळ अर्थ न लागणं. मी हे वर्गात सांगितलं. काका म्हणाले, "इंग्रजांना अध्यात्म नसतं."

आता खिडकीची कविता. हिचा मी नीट हिशेब ठेवलाय. झेरॉक्स वाटली होती. रात्री वारा सुटतो, खिडकी आपटते, एक माणूस उठतो, अंधारात चाचपडत खिडकीपाशी जातो, हात पुढे करतो, आणि पान संपतं. वर्गात शांतता. मग काका, डोळे मिटून: "हात पुढे करतो... करतो." उसासा. "आणि कविता तिथेच थांबते. श्वास थांबावा तशी."

लोकांना गहिवरून आलं. एकीने खिडकी म्हणजे मुक्ती असं सांगितलं, एकाने वारा म्हणजे बोलावणं. मी म्हटलं, "शेवटी स्वल्पविराम आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे वाक्य संपलेलं नाही. पूर्णविराम नाहीये."

काका माझ्याकडे करुणेने बघून म्हणाले, "पूर्णविराम द्यायला कवीचा हात धजला नाही, ताई."

काय बोलायचं यावर? पुढचा बराच वेळ वर्गात त्या स्वल्पविरामावर चर्चा चालली, तो म्हणजे जीवन-मरणाच्या सीमेवरचं रेंगाळणं वगैरे, आणि शेवटी मागच्या रांगेतल्या एका कॉलेजच्या मुलाने, जो तोपर्यंत मोबाइलमध्ये होता, कागद उलटा केला आणि म्हणाला, "मॅम, मागे पण आहे."

मागे पण होती. माणूस खिडकी लावतो. कडी घालतो. मग आपण नक्की कशाला उठलो होतो हे विसरतो आणि पाणी पिऊन परत झोपतो. मजेशीर कविता होती हो, छान हलकीफुलकी!

मी काकांकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी. काकांनी कागद पालटला, मागची बाजू वाचली, पेन्सिल काढली आणि 'परत'वर गोल केला.

"पुनर्जन्म," म्हणाले.

बाईंनी ते फळ्यावर लिहिलं.

आता यावर मोठमोठ्यांचीही फजिती झालेली आहे हे मला माहितीय. मेलव्हिल या अमेरिकन लेखकाच्या एका कादंबरीत समुद्रातल्या वेटोळं घातलेल्या ('coiled') माशाचा उल्लेख होता, पुढच्या छपाईत एक अक्षर बदलून तो 'मळका' ('soiled') मासा झाला, आणि मॅथिसन या नामवंत समीक्षकाने 1941 च्या आपल्या ग्रंथात नेमकी त्या मळकेपणाचीच वाखाणणी केली. पण निदान मासा तरी होता. मासा कुणी नाकारला नव्हता.

आणि 'वरवरचा अर्थ तो काय बघायचा' हे जे लोक अगदी आपल्या परंपरेच्या नावाने सांगतात ना, त्यांनी परंपरा तरी बघावी. मम्मटाच्या 'काव्यप्रकाश' या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात एक उदाहरण आहे: 'सूर्य मावळला'. एवढंच वाक्य. ते गुराख्यांना सांगितलं तर गुरं घरी वळवा, मजुरांना सांगितलं तर आता काम थांबवू या, प्रियकराला भेटायला निघालेल्या बाईला सांगितलं तर चल, वेळ झाली. एका वाक्यातून पाहिजे तेवढे अर्थ, पण प्रत्येक अर्थ कोण कुणाला बोलतंय यावरून निघालेला. आणि सूर्य मावळलाय याबद्दल सगळ्यांचं एकमत! 'सूर्य वरवर आहे' असं कुठला गुराखी म्हणत नाही. व्यंजना, म्हणजे सुचवलेला अर्थ, पाहिजे तेवढी घ्या हो, पण ती अभिधेच्या, म्हणजे शब्दांच्या सरळ अर्थाच्या, खांद्यावर उभी असते, अभिधेला खाली पाडून नाही. मी हेही सांगणार होते, पण तेवढ्यात कुणीतरी ते वाक्य टाकलं. "कविता समजायची नसते, अनुभवायची असते."

या वाक्याचा मला खरोखर संताप येतो. विनोद बाजूला ठेवून सांगते. कारण हे वाक्य बोलणाऱ्याला कविता समजलीय की नाही हे कधीच कळत नाही आणि प्रश्न विचारणारा मात्र क्षणात अरसिक ठरतो. 'ही ती म्हणजे कोण?' एवढाच साधा प्रश्न असतो. त्याचं उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणावं. त्याऐवजी डोळे मिटतात. कितीतरी माणसं कवितेपासून लांब राहिली असतील ती कवितेच्या अवघडपणामुळे नाही, या मिटलेल्या डोळ्यांमुळे. संस्कृतात कवीने ब्रह्मदेवाला विनवलंय की बाकी काहीही लिही, पण अरसिकांपुढे कविता वाचणं माझ्या कपाळी लिहू नकोस. अतिरसिकांच्या शेजारी बसायची वेळ आलेल्यांसाठी कुठे काही श्लोक आहे का? मी शोधतेय.

परवा मर्ढेकर होते. 'पिपांत मेले ओल्या उंदिर'. वर्गाबाहेरच्या पाटीवर नाव वाचलं तेव्हाच मला गुदगुल्या झाल्या. म्हटलं आज काकांना काही कामच नाही. पहिल्या ओळीतच उंदीर मेलेत, दुसरीत माना पडल्यात, पेन्सिलीला काही शोधायचंच ठेवलेलं नाही. ज्या कवीच्या कवितांवर अश्लीलतेचा खटला झाला तो कवी, कोर्टात तरी शब्द न् शब्द वाचला गेला असेल, असाही एक विचार येऊन गेला. मी यावेळी कविता घरूनच वाचून गेले होते, क्रियापदांखाली रेघा मारून. कागद वाटून झाले आणि मी मुद्दाम, अगदी गोड आवाजात विचारलं, "काका, मृत्यू ना?"

काकांनी डोळे मिटले. मान हलवली.

"छे छे. ही जगण्याची कविता आहे."

आणि त्रास कसला झाला सांगू? ते बरोबर आहे. निम्मं तरी बरोबर आहेच. पुढे 'जगायची पण सक्ती आहे' असं स्वच्छ म्हटलंय, माझ्या रेघा तिथेही होत्या, त्या सक्तीवरच सगळी कविता उभी आहे आणि मीच ते सांगायला आले होते. बाई म्हणाल्या, "वा! फारच वेगळा अँगल." सगळे काकांकडे बघत होते. मी मात्र वाकून त्यांच्या हातातल्या कागदाकडे बघितलं. त्याची घडीसुद्धा त्यांनी उघडली नव्हती.