कोपरा मोकळा झाला, रान नाही

लेखात म्हटलंय की अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात आता कुठल्याही सरकारी जमिनीवर शिकारीला बिनधास्त जाता येतं. तसं नाहीये हो. तिथल्या एल्क माउंटन डोंगराची ती केस फक्त कोपऱ्यावरून एका सरकारी तुकड्यातून दुसऱ्यात जाण्यापुरती आहे. रेल्वेला १८६० च्या दशकात एक आड एक चौरस मैल जमीन दिलेली, त्यामुळे सरकारी तुकडे नुसते कोपऱ्याला कोपरा लावून उभे आहेत आणि मधे बड्या रँचवाल्याचं खाजगी. २०२१ ला मिसुरीच्या चौघांनी सर्व्हेची पितळी खूण शोधून तिच्यावर लोखंडी शिडी लावली नि सरळ पलीकडच्या सरकारी तुकड्यात उतरले, खाजगी मातीला पाय पण लागला नाही, तरी मालकानं लाखो डॉलरचा दावा ठोकला, का तर म्हणे माझ्या हवेतून गेले! आपल्याकडे निदान बांधावरून तरी भांडतात.

मार्च २०२५ ला दहाव्या सर्किट कोर्टानं (काही राज्यांचं मिळून असलेलं केंद्रीय अपील कोर्ट) सरकारी जमिनीची वाट अडवायला मनाई करणाऱ्या १८८५ च्या कुंपणाच्या कायद्यावर बोट ठेवून शिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टानं मालकाचं अपील ऐकायलाच घेतलं नाही. पण हे त्या सर्किटच्या सहा राज्यांपुरतं, शेजारचं मोंटाना राज्य त्यात येत नाही.

आणि कोपरा नसेल, चारी बाजूंनी खाजगीच असेल तर परवानगी लागणारच. गोळी लागलेला एल्क (तिकडचं मोठं हरीण) कुंपणापलीकडे जाऊन पडला तरी आधी मालकाला फोन, मग आत पाय. हे लेखात यायला हवं होतं, नवखा माणूस नेमका तिथेच अडकतो.