जांभळं छत आणि बाळ्याची पेटी

टपरीवर सुमी बाळ्याला इटालियन गायिका मीनाचं 'इल चेलो इन उना स्तान्त्सा', म्हणजे 'खोलीतलं आभाळ', हे गाणं समजावत होती, आणि अप्पांचं पहिल्या कटिंगपासून एकच टुमणं चालू होतं. "मीनाचं ना ते? गुंडांचं गाणं आहे. 'गुडफेलाज'मध्ये ऐकलंय मी."

"अहो अप्पा, पिक्चर १९९०चा, गाणं १९६०चं. गुंडांनी तीस वर्षं आधी बुकिंग केलं होतं का?" सुमीने विचारलं.

इटालियन म्हटलं की अप्पांना छाती फुगवून ओरडणारे जाडजूड गायकच दिसतात. "काही म्हण, शेवटी आय लव्ह यू, आय लव्ह यू. दुसरं काय असणार?"

"'इल चेलो इन उना स्तान्त्सा'मध्ये 'आमोरे', म्हणजे प्रेम, हा शब्द एकदाही नाही. गाण्याचं नावसुद्धा ओळींत सलग येत नाही. तू इथे असलीस की खोलीच्या भिंती जातात, झाडं उभी राहतात. जांभळं छत उरत नाही, आभाळ दिसतं. प्रेम आहे असं कोणी सांगतच नाही, म्हणून ते अजून शिळं होत नाही."

"जांभळं छत! कवी लोक काहीही लिहितात."

"छत खरंच जांभळं होतं. जेनोव्हातल्या वेश्यागृहातलं. हे गाणं रचणाऱ्या जीनो पाओलीने स्वतः सांगितलंय. १९५८च्या मेर्लिन कायद्याने इटलीत तसली घरं बंद झाली."

अप्पांनी घाईघाईने आणखी एक कटिंग सांगितला.

बाळ्या तोवर मोबाइलवर "स्टांझा, स्टांझा" करत होता. सुमीने त्याला थांबवलं. "चेलोतला च चिमणीचा. स्तान्त्सामधला त्स म्हणजे आपला चाकातला च. दोन्ही च आपल्या तोंडात तयार आहेत, मग स्टांझा कशाला? त इंग्रजी टसारखा नको, दातांवर घे. आणि 'सोफ्फित्तो'त, म्हणजे छतात, फ आणि त दोन्ही जोड, त्यांवर थांब. घाईत सोफितो म्हटलंस की ओळ एका मात्रेने लंगडते."

मग पेटीचा विषय निघाला, आणि इथे बाळ्यालाही बोलता आलं. पांढरी एक धरली तर सगळं पांढऱ्या पट्ट्यांवर बसतं, तीन-तीन सूर एकत्र दाबून: सा ग प, ध सा ग, रे म ध, प नी रे, आणि पुन्हा पहिल्यापासून. इटलीत गिटार शिकणारी पोरं यालाच 'जीरो दि दो' म्हणतात.

"पण माझ्या पेटीवर ते घाणच वाजतं," बाळ्या म्हणाला.

"कारण तू खालच्या साचा खटका ओढून ठेवतोस. प नी रे आलं की तो सा नीला टोचतो. खटका बंद कर. आणि मुरक्या नकोत, सूर सरळ ठेव. मीना कशी सुरू करते बघ, शेजारी बसलेल्याशी बोलावं तशी. वाद्यं मागून भरत जातात. पहिल्याच ओळीला आवाज सोडलास तर आभाळापर्यंत चढायला जागा कुठे उरणार? आपल्यासारखं मुखड्यावर परत येणं यात नाही. कान परतीची वाट बघत राहतो आणि गाणं वरच जातं."

"मुखडा नाही तर ते गाणं कसलं?" अप्पा.

"अप्पा, शेवटच्या ओळींत माउथऑर्गन वाजतो आणि गाणाऱ्याला तो ऑर्गन वाटतो. संगीत नाटकातला ऑर्गन ऐकत वाढलात ना तुम्ही? मग हे तरी कळायला हवं."

अप्पा पहिल्यांदा गप्प ऐकत राहिले. सुमी पुढे म्हणाली, "आणि एवढं करून कागदावर पाओलीचं नावच नव्हतं! तो तेव्हा सिआए या हक्कसंस्थेचा सभासद नव्हता. म्हणून नोंद झाली ती मोगोल आणि तोआंग या दुसऱ्याच दोघांच्या नावावर."

बाळ्या ताडकन उठला. "गणपतीच्या पत्रिकेत माझंही तेच झालं! पेटी मी वाजवली, नाव अप्पांचं!"

"पत्रिकेत जागा नव्हती रे," अप्पा पुटपुटले.

"मग भिंती पाडायच्या होत्या, अप्पा!" सुमी म्हणाली, आणि टपरीवाल्यासकट सगळे असे हसले की अप्पांचा कटिंग बशीत सांडला.