‘एलडी म्हणजे थेरं’ म्हणणाऱ्यांसाठी

पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: “एलडी-बिलडी ही पैसेवाल्यांची थेरं. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. तासाभरात आयक्यू काढतात, दहावीला सवलत लाटतात आणि पोरावर जन्माचा शिक्का बसतो.” एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी: बुद्धी चांगली, पण वाचन, लेखन किंवा गणित अडतं. मी अशा मुलांच्या चाचण्या घेते, म्हणून एकेक वाक्य धरते.

‘आमच्या वेळी नव्हतं.’ १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरने एका १४ वर्षांच्या मुलाची हकीकत छापली: चांगला हुशार, पण वाचता येत नाही. तुमच्या वर्गातही असे होतेच. सातवीत नापास झाले आणि शेतावर नाहीतर गॅरेजात गेले, म्हणून तुम्हाला आठवत नाहीत.

‘तासाभरात आयक्यू.’ आधी डोळे-कान तपासून यायचं. मग बुद्धीची चाचणी. मॅलिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी बसवलेली, किंवा फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची, कामतांनी मराठी-कानडीत आणलेली. (बिने यांची मूळ चाचणी १९०५ ची, पॅरिसमधली. शाळेत कुणाला वेगळी मदत लागेल हे शोधायलाच केलेली.) त्यानंतर वाचन, लेखन, गणित वेगवेगळं. परवा पाचवीतला एक मुलगा समोर होता. उतारा मी वाचून दाखवला, तर उत्तरं फटाफट. तसाच दुसरा त्याच्या हातात दिला, तर बोट ओळीखाली, कपाळावर घाम, आणि ‘वादळ’चं ‘बादल’. एकाच पानावर ‘पाऊस’ तीन तऱ्हांनी: पाउस, पऊस, पासू. इथे नुसता आकडा काय कामाचा? अहवालात लिहावं लागतं की ऐकून कळतं, वाचताना अडतं.

‘पैसेवाल्यांची’ यात थोडं तथ्य आहे, कबूल. खाजगीत तपासणी महाग, आणि खेड्यातल्या आईला सरकारी रुग्णालयात खेपा घालायच्या तर मजुरी बुडते. पण मग तपासणी गावाजवळ आणा म्हणा ना!

‘सवलत लाटतात.’ २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एलडी आहे. जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. लेखनिक प्रमेयाची सिद्धता सांगत नाही, ती पोरालाच यावी लागते.

‘जन्माचा शिक्का.’ केंद्राच्या २०१८ च्या नियमांनी तपासणी ८, १४ आणि १८ व्या वर्षी सांगितली होती, म्हणजे एकदा ठरलं की संपलं असं नाही. आणि शिक्क्याचंच म्हणाल, तर त्या पाचवीतल्या मुलाच्या वहीच्या कव्हरवर कुणीतरी पेनाने एकच अक्षर गिरवून ठेवलं होतं: ‘ढ’. ते त्याला बिनचूक वाचता आलं.