वरातीमागून घोडे आणताना घ्यावयाची काळजी

आपण पॉपसंगीतातील एक थोर नाव आहात, आपल्या दिवाणखान्याच्या भिंतीवर प्लॅटिनमच्या तबकड्या टांगलेल्या आहेत, आणि मागच्या दोन अल्बमच्या विक्रीचा आकडा विचारला की आपल्या व्यवस्थापकाला नेमका त्याच वेळी महत्त्वाचा फोन येतो, असे गृहीत धरून पुढील मार्गदर्शन केले आहे. घाबरून जाण्याचे काहीच कारण नाही. आपल्या गाण्यातच काही कमी पडत आहे की काय, असले विचार मनात आणून स्वतःला त्रास करून घेऊ नये. या दुखण्यावर पाश्चात्त्य संगीतव्यवसायाने रामबाण उपाय शोधून ठेवलेला आहे. सध्या ज्याच्या नावाची चलती आहे असा, आपल्या मुलाच्या वयाचा एखादा संगीत-निर्माता, म्हणजे गाण्याचा ठेका, वाद्ये आणि एकंदर नाद ठरवणारा माणूस, गाठावा आणि अल्बमच्या किल्ल्या त्याच्या हवाली कराव्यात.

निर्माता निवडताना पाळायचे पहिले पथ्य असे की तो सगळ्यांना आधीच ठाऊक असला पाहिजे. या बाबतीत मॅडोनाबाईंनी उमेदीच्या काळात केलेल्या चुका आपण टाळाव्यात. १९९८ मध्ये ‘रे ऑफ लाइट’साठी त्यांनी विल्यम ऑर्बिट याला निवडले, ज्याचे नाव इलेक्ट्रॉनिक संगीताच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणाच्या तोंडी नव्हते. २००० च्या ‘म्युझिक’साठी त्यांनी पॅरिसमधल्या मिरवेस अहमदझाईला धरून आणले, तेव्हा तर अमेरिकेतल्या रेडिओवाल्यांना त्याच्या नावाचा उच्चारही करता आला नसता. २००५ मध्ये ‘कन्फेशन्स ऑन अ डान्स फ्लोर’च्या वेळी त्यांनी कहर केला आणि आपल्याच दौऱ्यात संगीताची बाजू सांभाळणाऱ्या स्टुअर्ट प्राइसला निर्माता करून लंडनमधल्या त्याच्या घराच्या पोटमाळ्यावर बसून गाणी रचली. या बेफिकिरीचा परिणाम व्हायचा तोच झाला. ‘हंग अप’ ४१ देशांत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि या तिन्ही अल्बमविषयी लोक अजूनही बोलतात. अनोळखी माणसाबरोबर काम करण्यात हाच मोठा धोका असतो: त्यातून काहीतरी नवीन निघते, आणि नवीन वस्तू रेकॉर्ड कंपनीच्या बैठकीत समजावून सांगताना घाम फुटतो.

सुदैवाने बाई वेळीच सावरल्या. २००६ मध्ये नेली फुर्टाडो आणि जस्टिन टिंबरलेक या गायकांच्या अल्बममधून टिंबालँड या निर्मात्याचा ठेका जगभर वाजला होता. २००७ मध्ये ऐंशीच्या दशकात गाजलेला ड्युरान ड्युरान हा बँडही त्याच्या दारात जाऊन उभा राहिला होता. एवढी सगळी वरात पुढे गेल्याची खात्री करून घेतल्यावर एप्रिल २००८ मध्ये बाईंचा ‘हार्ड कँडी’ आला आणि त्यात टिंबालँड, टिंबरलेक आणि फॅरेल विल्यम्स असे तिघेही हजर होते. त्यातले ‘फोर मिनिट्स’ हे गाणे आपण अभ्यासासाठी पुन्हा ऐकावे. सुरुवातीला बँडच्या पितळी वाद्यांचा दणदणाट होतो, मग आवाज ऐकू येतो तो खुद्द निर्मात्याचा, त्यानंतर टिंबरलेक आपली हजेरी लावतो, आणि ज्यांच्या नावाने अल्बम निघाला त्या यजमानीणबाई आपल्याच घरच्या कार्यात पाहुण्यासारख्या वावरताना दिसतात. गाणे अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर गेले, हे मात्र मान्य करायला हवे. उपाय लागू पडत नाही असे कोणीच म्हणत नाही. कोणाला लागू पडतो, एवढाच प्रश्न आहे.

आपण विचाराल की निर्माता एवढा आघाडीचा असूनही माल नेहमी कालचाच का वाटतो. त्याचे कारण हिशेबाचे आहे. आज रेडिओवर जो ठेका ऐकून आपण भारावलात, तो वर्षभरापूर्वी तयार झालेला होता. आता आपले वकील त्याच्या वकिलांशी बोलणार, त्याच्या तारखा मिळणार, मग गाणी, मिश्रण, व्हिडिओ, मुखपृष्ठ असे करत आणखी वर्ष-दीड वर्ष जाणार. तोवर ज्यांना गाठण्यासाठी हा खटाटोप केला, ती पोरे दुसऱ्याच कोणाच्या मागे लागलेली असतात.

आपल्याकडच्या पार्श्वगायनात हा पेच वेगळ्या रीतीने सुटलेला आहे, तो येथे ओघानेच नमूद करतो. तेथे संगीतकार गायिकेला बोलावतो. आशा भोसले यांनी साठी गाठल्यावर १९९५ च्या ‘रंगीला’त ए. आर. रेहमान यांच्यासाठी गायले, तेव्हा चालीला तो आवाज हवा होता, एवढे कारण पुरेसे होते. पॉपमध्ये उलटा प्रकार आहे. गायिका निर्मात्याला बोलावते, पैसे तीच मोजते, आणि म्हणून ‘बाई, ही चाल आपल्या गळ्याची नाही’ असे तिला सांगणारे त्या खोलीत कोणी उरत नाही. ही सोय फार मोलाची आहे. ती कोणत्याही परिस्थितीत गमावू नये.

शेर या गायिकेचे उदाहरण कोणी आपल्यापुढे ठेवील, तर तिकडे काणाडोळा करावा. १९९८ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे ‘बिलीव्ह’ हे गाणे आले, ते मार्क टेलर आणि ब्रायन रॉलिंग या दोन ब्रिटिश निर्मात्यांच्या हातून. दोघांपैकी कोणाचेही नाव तेव्हा घरोघरी पोचलेले नव्हते. ज्या ऑटो-ट्यूनचा त्यांनी वापर केला ते साधन जेमतेम वर्षभरापूर्वी बाजारात आले होते. ते तयार करणारे अँडी हिल्डेब्रँड हे त्याआधी तेलाच्या शोधासाठी भूगर्भातून परत येणाऱ्या ध्वनिलहरींचे गणित मांडत असत. हे साधन बेसूर जागा गुपचूप सुरात आणण्यासाठी होते, आणि सूर किती सावकाश सरकावा हे ठरवणारा एक आकडा त्यात होता. टेलरने तो शून्यावर नेला. आवाज एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाण्याऐवजी पायरीवरून उडी मारावी तसा तुटकपणे जाऊ लागला. रेकॉर्ड कंपनीला हा परिणाम गाण्यातून काढून टाकायचा होता. बाईंनी ठाम नकार दिला. निर्मात्यांनी तर युक्ती फुटू नये म्हणून ध्वनिमुद्रणाच्या एका मासिकाला ते काम व्होकोडर नावाच्या वेगळ्याच यंत्राचे असल्याचे सांगितले. यातून आपण एवढाच बोध घ्यावा की ती युक्ती यशस्वी झाली होती, तेव्हा पंचवीस वर्षांनंतर आपणही तीच वापरावी.

प्रसंगी अदृश्य होण्याची तयारीही ठेवावी. २०१५ मध्ये बीटल्स बँडचे सर पॉल मॅकार्टनी यांनी रॅपर कान्ये वेस्ट आणि गायिका रिहाना यांच्यासोबत ‘फोरफाइव्हसेकंड्स’ हे गाणे केले. त्यांनी वाजवलेल्या गिटारीचा वेग वाढवून तिचा सूर इतका चढवण्यात आला की तयार गाणे ऐकताना आपण यात नेमके कोठे आहोत, असा प्रश्न त्यांना पडला, आणि मुलाखतींमध्ये ही हकीकत त्यांनी हसत हसत सांगितली. त्याच सुमारास ट्विटरवर काही मंडळी ‘हा मॅकार्टनी कोण, कान्येने याचे नशीब काढले’ असे लिहीत होती. त्यातली बहुतेक थट्टा करत होती. बहुतेक.

एका निर्मात्याने भागत नसेल तर अनेक घ्यावेत. २०१५ च्या ‘रिबेल हार्ट’साठी मॅडोनाबाईंनी डिप्लो, आविची आणि कान्ये वेस्ट यांच्यासह निर्मात्यांची पंगतच बसवली होती. डिप्लोचा हात लागलेले ‘लिव्हिंग फॉर लव्ह’ मात्र बीबीसी रेडिओ १ च्या नेहमी वाजवायच्या यादीत आले नाही आणि वयाचा वाद पेटला. केंद्राने वयाचा काही संबंध नसल्याचे सांगितले. म्हणजे निर्माता तरुण असून भागत नाही, श्रोत्याला जन्मदाखला दिसता कामा नये, ही आणखी एक खबरदारी.

यू टू या बँडने तर श्रोत्याला निवड करण्याचा त्रासच ठेवला नाही. डेंजर माउस, पॉल एपवर्थ, रायन टेडर अशा नामांकितांना कामाला लावून केलेला त्यांचा अल्बम सप्टेंबर २०१४ मध्ये ॲपलने सुमारे ५० कोटी आयट्यून्स खात्यांत न विचारता टाकून दिला. आठवडाभरात तो काढून टाकण्यासाठी खास पान तयार करावे लागले, आणि पुढे गायक बोनो यांनी माफी मागितली. लोकांपर्यंत पोचायचे म्हणजे किती पोचायचे, याला काही सीमा असते, असे या प्रकरणावरून कोणी म्हणेल. आपण लक्ष देऊ नये.

काही निर्मात्यांपासून मात्र चार हात दूर राहावे. रिक रुबिन हा त्यांतला एक. हिप-हॉप आणि मेटलमध्ये नाव काढलेल्या या माणसाने, कोलंबिया कंपनीने १९८६ मध्ये वाऱ्यावर सोडलेल्या जॉनी कॅश या ज्येष्ठ गायकाला आपल्या दिवाणखान्यात बसवले, हातात गिटार दिली आणि गायला सांगितले. १९९४ च्या ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’मध्ये वाद्यवृंद नाही, ठेका नाही, पाहुणा रॅपर नाही. म्हातारा आवाज म्हाताराच ऐकू येतो. त्याला ग्रॅमी मिळाले, पण हा सगळा प्रकार आपल्या कातडीबचाऊ धोरणाच्या मुळावर येणारा आहे. मार्क रॉन्सनही तसाच. टिंबालँडकडून परतलेल्या ड्युरान ड्युरानला त्याने सांगितले की तुम्ही १९८२ मध्ये जसे वाजवत होता तसेच वाजवा. एवढ्यासाठी माणूस बाहेरून कशाला आणायचा?

अखेरीस पैशाचा विषय. अल्बम विकला जावा अशी अपेक्षा ठेवणे आता बालिशपणाचे आहे. अल्बम ही दौऱ्याची निमंत्रणपत्रिका असते. मॅडोनाबाईंनी २००७ मध्ये लाइव्ह नेशन या कार्यक्रम भरवणाऱ्या कंपनीशी करार केला, त्याची किंमत तेव्हा सुमारे १२ कोटी डॉलर सांगितली जात होती. २०१९ चा ‘मॅडम एक्स’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आला, त्याला तिकिटाबरोबर अल्बम देण्याच्या योजनेचा मोठा हातभार होता. पुढच्याच वर्षी हे क्रमांक लावणाऱ्या बिलबोर्डने अशी विक्री मोजणे बंद केले, हा ज्येष्ठांवर झालेला घोर अन्याय होय.

दौऱ्यात नव्या निर्मात्याची गाणी सुरू झाली की प्रेक्षक पाणी आणायला उठतात, याचे वाईट वाटून घेऊ नये. ४ मे २०२४ रोजी रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर मॅडोनाबाईंना ऐकायला सुमारे १६ लाख लोक जमले, असा अंदाज आहे. त्या दौऱ्यात नवा अल्बम नव्हताच; चार दशकांची जुनी गाणी होती, आणि संगीताची बाजू पुन्हा स्टुअर्ट प्राइसकडे होती. २०२५ च्या सप्टेंबरात बाईंनी जुन्याच वॉर्नर कंपनीत परतून नृत्यसंगीताच्या नव्या अल्बमची घोषणा केली, तोही त्याच प्राइसबरोबर. तेव्हा आपणही जुनी फोनवही चाळून पाहावी. एकच अडचण संभवते. वीस वर्षांपूर्वी पोटमाळ्यावर सापडलेला तो मुलगा आता नामांकित निर्माता झालेला असतो, आणि नामांकित निर्मात्याचा दर काय असतो, हे आपल्याइतके चांगले दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे?