‘पॅनल शॉर्ट आलं, मशीन बेकार’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला, फोटोही झूम करून नीट बघितला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मायक्रो-एलईडी पॅनलमध्ये (ज्यात प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक बारीक एलईडी) शॉर्ट आले, म्हणजे करंट नको तिथून वाहतो, कारण पॅनलचे दोन भाग जोडणारं आमचं बाँडिंग मशीन बेकार, आणि बाँडिंगच्या आधी आम्ही टेस्टिंगचे वेगळे पैसे मागतो ते निव्वळ बिल फुगवायला. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क आहे. पण हे बाकीचे लोकही वाचतात आणि त्यांचीही पॅनलं याच कारणाने जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तुमच्याच फोटोत दोन वेगळे आजार दिसतायत. मधल्या भागात विखुरलेले काळे ठिपके, आणि कडेला जोडीने पेटणारे पिक्सेल, म्हणजे एकाला करंट दिला की शेजारचाही उजळतो. दोन्ही शॉर्टच, पण पहिला वेफरवरच, म्हणजे एलईडी बनतात त्या चकतीवरच, जन्मलेला आणि दुसरा जोडताना झालेला. सरसकट मशीनवर ढकलायचं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आधी कडेचं बघू. हायब्रीड पॅनलमध्ये एलईडी सफायरवर असतात, त्यांना करंट देणारं ड्रायव्हर सर्किट सिलिकॉनवर, आणि दोन्ही समोरासमोर ठेवून इंडियम या मऊ धातूच्या बारीक बंपने, म्हणजे उंचवट्यांनी, जोडायचं. तुमची पिच, म्हणजे एका बंपच्या मध्यापासून शेजारच्याच्या मध्यापर्यंतचं अंतर, १० मायक्रॉन, बंप ६ मायक्रॉन रुंद, म्हणजे दोघांत ४ मायक्रॉन जागा, कागदावर भरपूर वाटते. पण बंप दाबून उंची अर्धी झाली की माल जाणार कुठे, बाजूलाच पसरतो, ६ चा साधारण साडेआठ होतो आणि जागा उरते जेमतेम दीड मायक्रॉन. त्यात इंडियम वितळतं १५७ अंशाच्या आसपास, म्हणून जोडी त्याच्याही वर तापवावी लागते, आणि तापल्यावर सफायर सिलिकॉनच्या साधारण दुप्पट फुगतं. मध्यापासून ५ मिलिमीटरवर हा फरक दोन-तीन मायक्रॉनचा होतो. दीड मायक्रॉनच्या फटीत तीन मायक्रॉन सरकलं की शेजारच्या बंपला चिकटणारच ना. मशीनने अलाइनमेंट चुकवलं असतं तर सगळे बंप एकाच बाजूला सरकले असते आणि मध्येही जोड्या दिसल्या असत्या. तशी एकही नाहीये. आणि जोडी गोल फिरली असती तरी कडेला शॉर्ट आले असते, हे खरं, पण तुम्हाला पाठवलेल्या एक्स-रेत बंप फिरलेले नाहीत, मध्यापासून बाहेर सरकलेत, ते एकदा बघाच.

हे टाळायला आम्ही सुचवलं होतं की बंपचा माल कमी करा, दोन पिक्सेलच्या मध्ये इन्सुलेटरची भिंत ठेवा म्हणजे वितळलेलं इंडियम अडेल, नाहीतर वितळवूच नका, कमी तापमानाला नुसत्या दाबाने जोडू. दाबाने वेफर तडकेल म्हणून तुम्ही नको म्हणालात, बंपचा आकार ठरवणारा मास्क तसाच ठेवलात, आणि वर काही पिक्सेल ओपन, म्हणजे न जोडलेले, राहतील या भीतीने जोर वाढवायला सांगितलात. जोर वाढवला की ओपन कमी होतात आणि शॉर्ट वाढतात, यातून कुणाचीच सुटका नाही, उपाय एकच की सगळे बंप एकाच उंचीचे हवेत म्हणजे जास्त जोर लागत नाही. काहीजण यावर म्हणतात तांब्यावर तांबं जोडा, तांबं आणि त्याच्या भोवतीचा ऑक्साइडचा इन्सुलेटर दोन्ही घासून सपाट करून, त्यात काही वितळून पसरत नाही हे खरं, पण तिथे धुळीचा एक कण सुद्धा आजूबाजूचा बराच मोठा भाग न चिकटलेला ठेवतो. ते स्वस्तातलं काम नाही.

आता काळे ठिपके. पिक्सेल कापताना प्लाझ्माने त्याच्या कडा खराब होतात, आणि पिक्सेल जितका लहान तितका कडेचा वाटा जास्त. १०० मायक्रॉनच्या चौकोनापेक्षा १० मायक्रॉनच्या चौकोनात क्षेत्रफळाच्या मानाने कड दहापट. त्या कडेवर इन्सुलेशनच्या थरात एक बारीक भोक राहिलं आणि वरून मेटल गेलं की पी आणि एन, म्हणजे एलईडीच्या दोन बाजू, थेट जोडले जातात, करंट सरळ निसटतो आणि पिक्सेल अंधारात. कापल्यावर केमिकलने कडा स्वच्छ करून अणूच्या पातळीवर चढवलेला ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) इन्सुलेशनचा थर दिला तर हे पुष्कळ कमी होतं. तुमच्या फॅबने, म्हणजे वेफर बनवणाऱ्या कारखान्याने, वेफर ओके दिली ती उजेड बघून. जास्त करंट दिला की थोडा लीक असलेला पिक्सेलही झकास दिसतो. उलटा व्होल्टेज देऊन लीकेज मोजलं तरच तो पकडला जातो, आणि आम्ही पैसे मागतो ते नेमकं याच मोजणीचे.

बाँडिंग झाल्यावर तपासा म्हणाल तर तेव्हा हाती काही उरत नाही. मधल्या फटीत अंडरफिल, म्हणजे चिकट राळ, भरून तो कडक झाला की जोडी परत उघडता येत नाही, लेझरने फारतर शॉर्ट झालेला पिक्सेल तोडून वेगळा करता येतो म्हणजे बाकीचे वाचतात, पण तो मेला तो मेलाच. आणि आकडे बघा, ४के पॅनलमध्ये जवळपास अडीच कोटी सबपिक्सेल, १०,००० मागे एकच खराब धरला तरी अडीच हजार होतात.

तेव्हा टेस्टिंगचा चार्ज राहणार, त्यात घासाघीस नको. पुढची वेफर पाठवायच्या आधी बंपच्या मास्कची फाईल मेल करा, ती बघून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही, आणि फॅबकडून उलट्या व्होल्टेजचा रिपोर्ट मागून घ्या. तो नीट असेल तर आमची लीकेज टेस्ट लागणारच नाही, तेवढे पैसे तुमचे वाचले.