कार्बनची सायकल सोलापूरच्या उन्हात मऊ पडते? नाही.

आपल्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय : सोलापूरचा उन्हाळा कार्बन फ्रेमला झेपत नाही, मऊ पडते, त्यातून 29 इंची चाकांची फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणारी) असेल तर मधूनच बसते. हे खरं नाही.

कार्बनचे धागे वितळत नाहीत. त्यांना धरून ठेवणारं इपॉक्सी मऊ पडायला साधारण 100 अंशांच्या पुढचं तापमान लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43-44 ला जातो, उन्हातली काळी फ्रेम हाताला चटका देते, पण तेवढ्यावर तिचं काही बिघडत नाही.

मग ‘बसते’ ते काय? मागचा शॉक, म्हणजे मागच्या चाकाचे धक्के झेलणारा, हवा भरलेला दांडा. तुम्ही सीटवर बसलात की तो 25-30 टक्के दबायलाच हवा, तशीच त्याची रचना असते. जास्त दबला तर हवा कमी आहे किंवा सील गळतंय. उन्हाने उलट दाब वाढतो : सकाळी 25 अंशांना 200 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला शॉक 45 अंशांना साधारण 214 दाखवेल. म्हणजे गाडी कडक होते, मऊ नाही! हिप्परगा तलावाकडे दुपारी (कशाला जाता म्हणा) निघालात तर तेव्हाच दाब तपासा.

कार्बनला भीती आहे ती दगडाच्या फटक्याची आणि क्लॅम्प (सीट, हँडल धरून ठेवणारी पकड) नको तितका आवळणाऱ्या हाताची. पडल्यावर डाउन ट्यूब (हँडलकडून पेडलकडे उतरणारी नळी) खालून बघा, नाण्याने ठोका. टणक आवाज एखाद्या जागी बद्द झाला, तर सायकल चालवू नका, जाणकाराला दाखवा.