रेस्टन यांनाही भूल दिलीच होती

व्हॉट्सॲपवर एक मजकूर पुन्हा फिरतोय: ‘१९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकाराचं अपेंडिक्स चीनमध्ये भूल न देता, नुसत्या सुया टोचून काढलं. पाच हजार वर्षांची विद्या! शरीरातल्या ऊर्जावाहिन्या आता विज्ञानानेही मान्य केल्या. साइड इफेक्ट शून्य.’ गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आठवडाभर आधी माझ्या आत्याने हाच मजकूर मोबाइलवर दाखवला आणि विचारलं, "मग मला भूल कशाला रे देतायत?" भुलीची धास्ती तिने आधीच घेतली होती. म्हणून ॲक्युपंक्चरबद्दलचा, म्हणजे सुया टोचण्याच्या या चिनी विद्येबद्दलचा, एकेक मुद्दा नीट बघू.

आधी त्या पत्रकाराचं. नाव जेम्स रेस्टन. ऑपरेशन पेकिंगमध्ये, म्हणजे आताच्या बीजिंगमध्ये, जुलै १९७१ मध्ये झालं आणि २६ जुलैच्या अंकात त्यांनी स्वतः त्याची हकिकत लिहिली. पोटाचा भाग बधिर करायला नेहमीचीच इंजेक्शनं दिली होती. सुया आल्या त्या ऑपरेशननंतर, दुसऱ्या रात्री, पोट फुगून जीव हैराण झाला तेव्हा. उजव्या कोपरात आणि गुडघ्यांखाली तीन लांब, बारीक सुया टोचून फिरवल्या. हातापायांत अशा कळा गेल्या की पोटाकडचं लक्ष तरी उडालं, असं ते सांगतात. जोडीला ‘आय’ नावाच्या वनस्पतीच्या पेटत्या कांड्या पोटाजवळ धरल्या. पोटातला वात काढायला केवढा हा खटाटोप, असं तेव्हा त्यांच्या मनात आलं; पण तासाभरात पोट हलकं झालं. म्हणजे सुया होत्या त्या वातासाठी. अपेंडिक्स भूल देऊनच काढलं.

चीनमध्ये सुयांच्या जोडीने ऑपरेशनं होऊ लागली ती १९५८ पासून, हे खरं. पण जोडीनेच. २००६ मध्ये बीबीसीने शांघायमधल्या तरुणीचं हृदयाचं ऑपरेशन दाखवलं, तेव्हाही तिला गुंगीची आणि वेदनाशामक औषधं आणि छातीत बधिरतेची इंजेक्शनं दिलेली होती.

पाच हजार वर्षं? चीनमधल्या मावांगदुईची थडगी इसवी सनापूर्वी १६८ च्या सुमाराची. तिथल्या ग्रंथांत वाहिन्यांचं वर्णन आहे, उपाय मात्र शेक-डाग देण्याचे, सुयांचे नाहीत. सुयांचं सविस्तर शास्त्र येतं ‘हुआंगदी नेइजिंग’ या जुन्या चिनी वैद्यकग्रंथात, साधारण दोन हजार वर्षांपूर्वी. तेवढं जुनेपणही काही कमी नाही. पण ही परंपरा अखंड मानाने चालली असंही नाही: १८२२ मध्ये खुद्द चिनी सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून ती काढून टाकली होती.

आता वाहिन्या. ‘ची’, म्हणजे या विद्येने मानलेली शरीरातली ऊर्जा, वाहून नेणारी नळी शवविच्छेदनात कधी कुणाला सापडलेली नाही. खरं काय घडत असावं, ते मला यापेक्षा कितीतरी विलक्षण वाटतं. सुई टोचून फिरवली की आत जडपणा येतो, मुंग्या येतात; ते मज्जातंतू चाळवल्याचं लक्षण. १९७० च्या दशकात बीजिंगमध्ये हान जीशेंग यांच्या गटाने सुया टोचलेल्या सशाच्या मेंदूतला द्रव दुसऱ्या सशात सोडला, तर त्याचीही वेदना सोसण्याची ताकद वाढली. पुढे एंडॉर्फिन हाती लागली, म्हणजे शरीराने स्वतःच तयार केलेली अफूसारखी द्रव्यं. २०१० मध्ये उंदरांवर दिसलं की सुई फिरवली की तिथल्या ऊतीत ॲडिनोसिन नावाचं द्रव्य वाढतं आणि वेदना दबते.

तरीही शरीरावरच्या ज्या ठरलेल्या बिंदूंवर सुया टोचतात, त्यांचं महत्त्व डळमळीतच राहतं. जर्मनीत पाठदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेली चाचणी २००७ मध्ये छापली गेली. सहा महिन्यांनी खऱ्या बिंदूंवर सुया घेतलेल्या ४७.६ टक्के लोकांना बरं वाटलं, भलत्याच जागी वरवर सुया टोचलेल्या ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्या २७.४ टक्क्यांना. टोचण्याचा, काळजी घेतली जाण्याचा, विश्वासाचा यात मोठा वाटा असणार, असं माझं मत. दुखणं खरंच कमी झालं, हे मात्र मी कुणाला नाकारणार नाही.

साइड इफेक्ट शून्य, हेही चूक. खांद्याजवळ किंवा छातीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकतं. तसं घडलेलं आहे. सुई निर्जंतुक, एकदाच वापरायची हवी.

आत्याला मी रेस्टन यांच्या हकिकतीतला तो भाग मराठीत सांगितला. "म्हणजे त्यालाही इंजेक्शन दिलंच होतं की," ती म्हणाली, आणि चष्मा लावून संमतीपत्रावर सही केली.